सव्वीस अक्षरी ‘इसॉफगोगॅस्ट्रोड्यूओडिनॉस्कपी’: तोडायचा कुठे, म्हणायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अन्ननलिका, जठर आणि त्यापुढचा लहान आतड्याचा पहिला भाग दुर्बिणीतून पाहण्याच्या तपासणीला इंग्रजीत सव्वीस अक्षरांचा एक लांबलचक शब्द आहे. तुम्ही त्याचे ‘इसोफॅगो, गॅस्ट्रो, ड्युओडेनो, स्कोपी’ असे चार तुकडे केलेत, तर ‘हे सिलॅबल (एका स्वरासह एका दमात उच्चारले जाणारे तुकडे) नव्हेत’ असा शेरा आला. बारा तुकडे करायला गेलात, तर अर्थ कुठे गेला ते कळेना. त्यात वर्गात तिघे जण तो तीन तऱ्हांनी म्हणतात. मग खरी फोड कोणती, आणि तोंडी परीक्षेत म्हणायचं काय?

आधी उत्तर देते, मग कारणं.

इ – सॉ – फ – गो – गॅस् – ट्रो – ड्यू – ओ – डि – नॉस् – क – पी

बारा सिलॅबल. मुख्य आघात, म्हणजे उच्चारातला जोर, ‘नॉस्’वर, शेवटून तिसऱ्यावर. ‘सॉ’, ‘गॅस्’ आणि ‘ड्यू’ यांवर दुय्यम आघात. उरलेले आठ हलके, पटकन उरकायचे. ‘ड्यू’ऐवजी ‘डू’ म्हटलं तरी चालतं, अमेरिकेत तसंच म्हणतात. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक जादा ‘ओ’ असतो आणि अक्षरं २७ होतात, पण तो ‘ओ’ उच्चारायचा नसतो. ‘ओइसॉफगो’ म्हणू नका. त्या जोडीचा उच्चार ‘इ’ किंवा ‘ई’ इतकाच. ‘इडीमा’ म्हणजे सूज, या शब्दाच्या ब्रिटिश स्पेलिंगमध्येही तोच प्रकार आहे.

तुमचे चार तुकडे चुकीचे नव्हते, हेही सांगून टाकते. ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होतं. शब्द कशाकशाचा बनला आहे, हा एक प्रश्न. तो जिभेवर कसा बसतो, हा दुसरा. या दोन फोडी एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत आणि बसवायचा हट्टही धरू नये. पाठ्यपुस्तकं बहुतेक वेळा एकच फोड छापतात आणि ती कोणती हे सांगत नाहीत. गोंधळ तिथे सुरू होतो.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘विद्यार्थी’ या शब्दाचा विग्रह शाळेत आपण ‘विद्या + अर्थी’ असा करतो. बोलताना मात्र ‘विद्-द्यार्-थी’ म्हणतो. विद्या जिथे संपते आणि अर्थी जिथे सुरू होतो, तो सांधा ‘द्यार्’च्या पोटात गडप झालेला असतो. त्यामुळे कोणी ‘विग्रह चुकला’ असं म्हणत नाही. वैद्यकीय शब्दांतही सांधे असेच सिलॅबलच्या पोटात जातात.

आता आपल्या शब्दाचा विग्रह. पहिला घटक अन्ननलिकेचा: ‘वाहून नेणे’ आणि ‘खाणे’ अशा दोन ग्रीक धातूंपासून आलेला. दुसरा ‘गास्तेर’, म्हणजे पोट, जठर. तिसऱ्याची कथा गमतीची आहे. अलेक्झांड्रियाचा वैद्य हिरॉफिलस याने इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास आतड्याच्या या भागाला ‘बारा बोटांएवढा’ अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं. बोटांची रुंदी धरायची, लांबी नव्हे. हा भाग साधारण २५ सेंटीमीटर भरतो, म्हणजे अंदाज वाईट नव्हता. ते नाव अरबीत गेलं, आणि बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणताना त्याचं ‘ड्यूओडीनम’ झालं. त्यातला ‘बारा’ तेवढा उरला, बोटं गळाली. चौथा घटक ‘स्कोप’, म्हणजे पाहणे, निरखणे. (आतड्याची बारा बोटं आणि शब्दाचे बारा सिलॅबल हा निव्वळ योगायोग. पण संख्या लक्षात ठेवायला उपयोगी पडतो.)

या घटकांमध्ये ‘ओ’ येतो, तो कोणाचाच नाही. ‘गॅस्ट्र’ आणि पुढचा शब्द यांना चिकटवण्यासाठी मध्ये घातलेला तो जोडस्वर आहे. पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला की तो निघून जातो, म्हणून ‘गॅस्ट्रायटिस’, ‘गॅस्ट्रोआयटिस’ नव्हे. पुढे दुसरं नामच आलं तर मात्र ते स्वराने सुरू होत असलं तरी तो बहुधा टिकतो, म्हणून ‘गॅस्ट्रोएंटरॉलजी’. अर्थ शून्य, काम फक्त सांधण्याचं. पण आपल्या शब्दात सगळ्यात मोठा आघात मिळतो तो याच बिनअर्थाच्या ‘ओ’ला. ‘ड्यूओडिन’चा ‘न्’, सांध्याचा ‘ओ’ आणि ‘स्कोपी’चा ‘स्’ असे तीन ठिकाणचे तीन ध्वनी एकत्र येऊन ‘नॉस्’ बनतो, आणि शब्दाचा कळस नेमका तिथे असतो. अर्थाने तोडणारा माणूस ‘ड्यूओडिनो’ म्हणून थांबतो आणि मग ‘स्कोपी’ म्हणतो. म्हणजे जिथे सर्वांत जोर द्यायचा, तिथेच तो श्वास घेतो. उच्चार फसतो तो इथे. बाकी अकरा सिलॅबल थोडे इकडेतिकडे झाले तरी ऐकणाऱ्याला शब्द कळतो. ‘नॉस्’ तुटला की कळत नाही.

दोन्ही फोडी शेजारी ठेवून पाहा.

अर्थाने: इसॉफगो | गॅस्ट्रो | ड्यूओडिनो | स्कपी
जिभेने: इ | सॉफगो | गॅस्ट्रो | ड्यूओडि | नॉस्कपी

सुरुवातीचा ‘इ’ हा उडी मारण्याआधी घेतलेल्या पावलासारखा, त्याचं वजन धरू नका. तो सोडला तर फरक फक्त शेवटच्या सांध्यापाशी आहे. पहिले दोन सांधे दोन्हीकडे सारखेच. म्हणजे तुमचे चार तुकडे पाठ असतील तर तीन चतुर्थांश काम झालेलं आहे. शेवटचा सांधा तेवढा ‘नो-स्कपी’वरून ‘नॉस्-कपी’वर हलवायचा. मेजावर बोटाने चार ठोके द्या: सॉ, गॅस्, ड्यू, नॉस्. प्रत्येक ठोक्यामागे एक किंवा दोन हलके सिलॅबल घसरत येतात. बारा गोष्टी लक्षात ठेवण्यापेक्षा चार ठोके सोपे.

आता तुम्ही विचाराल, ‘नॉस्’वरच का? हे पाठ करायचं, की काही नियम आहे? नियम आहे, आणि वृत्तं शिकलेल्या मराठी वाचकाला तो इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळतो, कारण तो लघु-गुरूचा नियम आहे. ग्रीक आणि लॅटिन घडणीच्या शब्दांत आघात ठरवताना उपांत्य सिलॅबल, म्हणजे शेवटून दुसरा, पाहायचा. तो गुरू असेल, म्हणजे त्यातला स्वर दीर्घ असेल किंवा तो व्यंजनाने बंद होत असेल, तर आघात त्याच्यावर. तो लघु असेल तर आघात एक पाऊल मागे, शेवटून तिसऱ्यावर. ‘नॉस्-क-पी’मध्ये उपांत्य ‘क’ लघु आहे, म्हणून आघात ‘नॉस्’वर गेला. संपलं.

हा एक नियम कळला की शेकडो शब्द सरळ होतात. ‘-आयटिस’मधला ‘आय’ मुळात दीर्घ ‘ई’, म्हणून आघात त्याच्यावर: गॅस्ट्रायटिस, हेपटायटिस. ‘-ओसिस’ आणि ‘-ओमा’मधला ‘ओ’ ग्रीकमध्ये दीर्घ, म्हणून फायब्रोसिसमध्ये ‘ब्रो’वर, कार्सिनोमामध्ये ‘नो’वर. उलट ‘-क्टमी’, ‘-स्टमी’, ‘-लजी’, ‘-ग्रफी’, ‘-पथी’, ‘-लिसिस’ यांचा उपांत्य लघु, म्हणून आघात त्याच्या मागे: अपेन्डेक्टमीत ‘डेक्’वर, न्यूरॉपथीत ‘रॉ’वर, हिमॉलिसिसमध्ये ‘मॉ’वर. ‘डायलिसिस’ हा आपण तीन सिलॅबलांत म्हणतो, मूळ शब्द चार सिलॅबलांचा आहे, डाय-ॲ-लि-सिस, आणि आघात ‘ॲ’वर. ‘डायास्टली’ आणि ‘सिस्टली’ हे हृदयाच्या ठोक्याचे दोन टप्पे. आपल्याकडे बहुतेक जण त्यांना ‘डायास्टोल’, ‘सिस्टोल’ म्हणतात, शेवटचा स्वर गिळून. नियमाने शेवटचा स्वर बोलला जातो आणि आघात शेवटून तिसऱ्यावर जातो. ‘सिंकपी’, म्हणजे अचानक शुद्ध हरपणं, हाही त्याच घराण्यातला. तो ‘सिनकोप’ नव्हे.

अपवाद आहेत. ‘-स्कोप’, ‘-ग्राम’, ‘-प्लास्टी’ असलेल्या शब्दांत इंग्रजीने आघात पुढच्या टोकाला ठेवला आहे: एंडोस्कोपमध्ये ‘एन्’वर, रायनोप्लास्टीत ‘राय’वर. त्यामुळे एंडोस्कोप, एंडॉस्कपी आणि एंडस्कॉपिक या तिन्हींत आघात तीन ठिकाणी बसतो, आणि ज्यावर आघात तो स्वर ठसठशीत, बाकीचे पुसट. एकाच धातूचे शब्द असे रूप बदलतात म्हणून विद्यार्थी वैतागतात. पण हे बदल प्रत्ययामागून येतात, लहरीने नव्हे. प्रत्यय ओळखा आणि आघात तिथून मागे मोजा. शब्दाच्या सुरुवातीकडून मोजायला गेलात तर कधीच हिशेब लागणार नाही.

अजून एक बारीक गोष्ट, वृत्तांची आवड असलेल्यांसाठी. जोडाक्षरामागचं अक्षर गुरू होतं, हे आपण शिकतो. पण ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघुच राहतो, कारण जोडाक्षराचा आघात मागे येत नाही. लॅटिनमध्येही नेमकी अशी सूट आहे: ‘ब्र’, ‘ट्र’ अशा जोड्यांआधीचा स्वर गुरू होईलच असं नाही. म्हणून ‘व्हर्टिब्रा’मध्ये आघात पहिल्यावर, ‘टि’वर नाही. ‘सेरिब्रम’ तर दोन्ही तऱ्हांनी ऐकू येतो, ‘से’वर आघात देऊन आणि ‘री’वर आघात देऊन, आणि दोन्ही शब्दकोशांत आहेत. ‘ड्यूओडीनम’ही तसाच. ‘डी’वर आघात देणारे आणि ‘ड्यूऑडिनम’ म्हणून ‘ऑ’वर देणारे, दोघेही बरोबर. तुमच्या वर्गातल्या तिघांपैकी दोघांचं भांडण याचंच असावं.

तिसऱ्याचं काय, ते सांगते. तो बहुधा ‘इसोफॅगो’ म्हणत असणार, ‘फॅ’वर जोर देऊन. याचं मूळ देवनागरीत आहे. ‘इसॉफगो’ असं लिहिलं की मराठी जीभ ‘फ’मधला ‘अ’ गाळते. ‘कळकळ’ लिहितो आणि ‘कळ्कळ्’ म्हणतो, तीच सवय. मग ‘इसॉफ्गो’ होतं आणि बारातला एक सिलॅबल जातो. तो वाचवायला लिहिणाऱ्यांनी ‘फॅ’ किंवा ‘फे’ लिहायला सुरुवात केली. सिलॅबल वाचला, पण जो स्वर पुसट हवा तोच ठळक झाला आणि जोर त्याच्यावर जाऊन बसला. नियम लावून पाहा: ‘सॉ-फ-गस’मध्ये उपांत्य ‘फ’ लघु, म्हणून आघात ‘सॉ’वर. ‘फ’ मात्र पूर्ण म्हणायचा, ‘फळ’मधल्या ‘फ’सारखा, पण थोडक्यात.

देवनागरीचा दुसरा चकवा जोडाक्षरांचा. आपण ‘पुस्तक’ असं पु-स्त-क तीन अक्षरांत लिहितो आणि पुस्-तक असं दोन सिलॅबलांत म्हणतो. म्हणजे लिहिलेली अक्षरं मोजून सिलॅबल निघत नाहीत. आपल्या शब्दात योगायोगाने संख्या जुळते, लिहिलेली अक्षरंही बाराच भरतात. पण सीमा दोन जागी सरकतात: लिहितो ‘गॅ-स्ट्रो’, म्हणतो ‘गॅस्-ट्रो’, लिहितो ‘नॉ-स्क’, म्हणतो ‘नॉस्-क’. या सीमा नक्की कुठे, यावर ध्वनिशास्त्रज्ञांतही एकमत नाही. कोणी ‘स्’ मागच्याला देतं, कोणी पुढच्याला. संख्या मात्र वादातीत, कारण ती स्वरांवरून मोजतात. कोणी सीमेवरून गुण कापले तर वाद घालायला जागा आहे. संख्येवरून कापले तर नाही.

इंग्रजी शब्दकोशातले ठिपके पाहून सिलॅबल मोजत असाल तर तेही थांबवा. कित्येक कोशांत शब्दाच्या नोंदीतले ते ठिपके ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर कुठे तोडावा यासाठी असतात. छपाईत एकटं अक्षर ओळीच्या टोकाला ठेवत नाहीत, म्हणून ‘इसॉफगस’मधला पहिला ‘इ’ तिथे सुटा दाखवत नाहीत आणि एक सिलॅबल कमी भरतो. खरी फोड पुढे तिरप्या रेघांत दिलेल्या उच्चारात असते. आघाताची खूणही तिथेच. बहुतेक कोशांत ती आघात असलेल्या सिलॅबलच्या आधी येते: वरची बारीक उभी रेघ मुख्य आघाताची, खालची दुय्यम.

‘ग’ आणि ‘ज’चा घोळ याच शब्दाच्या कुटुंबात आहे. ‘इसॉफगस’मध्ये ‘ग’, पण विशेषण ‘इसॉफजीअल’मध्ये ‘ज’. पुढे ‘इ’ किंवा ‘ई’ जातीचा स्वर आला की इंग्रजीत ‘जी’ या अक्षराचा ‘ज’ होतो. ‘ओ’, ‘अ’, ‘उ’ आले की ‘ग’ राहतो. म्हणून ‘लॅरिंगॉस्कपी’, पण ‘लॅरिंजायटिस’. ज्याचा ‘क’ आणि ‘स’ होतो त्या ‘सी’ या अक्षराचीही हीच रीत. ‘च’ वाटणारी जोडी मात्र ग्रीक शब्दांत नेहमी ‘क’: ब्राँकस, ट्रकीआ, कोलँजायटिस. फ्रेंचमधून आलेला ‘शँकर’ वेगळा, त्याला ‘श’.

मूक अक्षरांबद्दल कोणी विचारत नाही, पण मला ती सगळ्यात आवडतात. ‘न्यूमोनिया’च्या स्पेलिंगमधला पहिला ‘प’ मूक, ‘टोसिस’ म्हणजे पापणी खाली लोंबणं, त्यातलाही ‘प’ मूक. का? इंग्रजी जिभेला शब्दाच्या सुरुवातीला ‘प्न’, ‘प्ट’ म्हणवत नाही. आपल्यालाही ‘प्त’ने शब्द सुरू करायची सवय नाही, पण ‘गुप्त’ आणि ‘प्राप्त’ आपण सहज म्हणतो. इंग्रजीचंही तसंच. तीच जोडी शब्दाच्या मध्ये आली की ‘प’ मागच्या सिलॅबलला टेकतो आणि ऐकू येऊ लागतो: ‘ॲप्-नी-अ’, ‘हि-मॉप्-टि-सिस’, ‘नेफ्-रॉप्-टो-सिस’. अर्थाच्या फोडीत तो पुढच्या घटकाचा, उच्चाराच्या फोडीत मागच्याचा. आपल्या ‘नॉस्’मधल्या ‘स्’ने केलं तेच. ‘हेलिकॉप्टर’चंही असंच. मूळ सांधा ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ यांच्यामध्ये आहे, ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’मध्ये नाही. पण जिभेने ‘कॉप्’ बांधला आणि लोकांनी पुढे ‘कॉप्टर’ असा नवाच तुकडा पाडून घेतला.

दोन स्वर शेजारी आले की अर्थाची फोड पुन्हा उपयोगी पडते. बीजांडकोष काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या नावात सुरुवातीला दोन ‘ओ’ लागोपाठ आहेत. इंग्रजी वाचायची सवय असलेला त्यांचा सरळ ‘ऊ’ करतो आणि ‘ऊफोरेक्टमी’ म्हणतो. पण ते दोन्ही ‘ओ’ वेगळ्या सिलॅबलांचे आहेत: ओ-अ-फ-रेक्-ट-मी, सहा सिलॅबल. म्हणजे अर्थाची फोड टाकून द्यायची नाहीये. ती शब्द ओळखायला, स्पेलिंग लिहायला आणि अशा जागी न चुकायला लागते. तोंडाने म्हणायच्या क्षणी ती मनात ठेवायची आणि जिभेला आपलं काम करू द्यायचं.

सरावाची माझी पद्धत शेवटून सुरुवात करायची. समोरून शिकलं की पहिले चार सिलॅबल पाठ होतात आणि दर वेळी धापा टाकत पुढे अडखळायला होतं. शेवटून शिकलं की प्रत्येक वेळी आपण अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जातो आणि मुख्य आघात पहिल्याच मिनिटात पक्का होतो. असं करा:

कपी
नॉस्कपी
डिनॉस्कपी
ओडिनॉस्कपी
ड्यूओडिनॉस्कपी

इथे थांबा. हा स्वतंत्र, खरा शब्द आहे, तो चार-पाचदा म्हणा. मग ‘ट्रो’ जोडा, मग ‘गॅस्’. ‘गॅस्ट्रोड्यूओडिनॉस्कपी’ हाही वापरातला शब्द. मग ‘गो’, ‘फगो’, ‘सॉफगो’, आणि शेवटी ‘इ’. वेग वाढवायची घाई नको. चार ठोक्यांमधलं अंतर सारखं पडू लागलं की वेग आपोआप येतो. आपली मराठी जीभ प्रत्येक अक्षराला सारखं वजन देते, म्हणून हा शब्द आपल्या तोंडी सपाट आणि लांब वाटतो. हलके सिलॅबल खरोखर हलके केले की तोच शब्द आखूड ऐकू येतो.

एक शंका हमखास येते: मग रुग्णाशी बोलताना ‘एंडॉस्कपी’ म्हणायचं का? माझं मत स्पष्ट आहे, नाही. मराठी वाक्यात ‘एंडोस्कोपी’ हा मराठीत रुळलेला शब्द आहे आणि तो मराठीच्याच चालीने चालणार. ‘दुर्बिणीतून तपासणी’ म्हटलं तर त्याहून चांगलं. कोणी ‘एंडोस्कोपी’ म्हटलं म्हणून हसणाऱ्यांनी ‘डॉक्टर’ आणि ‘हॉस्पिटल’ हे आपण कसे म्हणतो ते आधी ऐकावं. इंग्रजी वाक्यात, परिषदेत, डिक्टेशनमध्ये किंवा दुसऱ्या देशातल्या सहकाऱ्याशी फोनवर बोलताना मात्र आघात हवा, कारण ऐकणारा शब्द आघातावरून पकडतो, अक्षरांवरून नव्हे.

आणि काही जोड्या अशा आहेत, जिथे उच्चार हा केवळ सफाईचा मुद्दा राहत नाही. ‘डिस्फेजिया’ म्हणजे गिळायला त्रास. त्याच्याच शेजारी बोलण्याच्या, भाषेच्या दोषाला दिलेला शब्द आहे. त्यात ‘ज’च्या जागी एक घासून येणारा घोष ‘श’ आहे, जो मराठीत नाहीच. आपल्या तोंडी दोन्ही ‘डिस्फेजिया’च होतात. कितीही सराव केला तरी गोंगाटात फरक ऐकू येत नाही. तिथे उच्चारावर विसंबू नका. ‘गिळण्याचा’ की ‘बोलण्याचा’ हे शब्दांत सांगा किंवा स्पेलिंग सांगा. ‘इलियम’ नावाचं हाड आणि ‘इलियम’ नावाचं आतडं यांचा तर इंग्रजीतही उच्चार एकच आहे. ‘पेरिनीअल’ (गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यामधल्या भागाचं) आणि ‘पेरोनीअल’ (पोटरीच्या बाहेरच्या बाजूचं) यांच्यात फरक करणारा स्वर नेमका बिनआघाताचा असल्याने पुसला जातो. १९९८ साली शरीररचनेची आंतरराष्ट्रीय परिभाषा नव्याने आली, तेव्हा पायाच्या त्या स्नायूंसाठी ‘पेरोनीअल’ऐवजी ‘फिब्युलर’ला पहिली पसंती मिळाली. तोच शब्द वापरायची सवय लावा.

गंमत म्हणून शब्दकोशातला तो ४५ अक्षरांचा, ‘न्यूमोनोअल्ट्रा’ने सुरू होणारा फुफ्फुसाच्या आजाराचा शब्द विचाराल, तर तो १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाने मुद्दाम लांब करून बनवला होता. सिलॅबल १९. रिपोर्टमध्ये सिलिकोसिस लिहितात. त्यावर वेळ घालवू नका.

घालवायचाच असेल तर कान-नाक-घसा शास्त्राच्या नावावर घालवा: ओ-टो-राय-नो-लॅ-रिंग्-गॉ-ल-जी. नऊ सिलॅबल, उपांत्य ‘ल’ लघु, म्हणून आघात ‘गॉ’वर. इथेही सांधा सिलॅबलच्या पोटात गेला आहे: ‘ग्’ स्वरयंत्राचा, ‘ओ’ सांध्याचा, आणि शास्त्र ‘लजी’पासून सुरू.

तोंडी परीक्षेत पूर्ण शब्द एकदाच म्हणा, चार ठोक्यांत, आणि लगेच ‘ओजीडी’ किंवा ‘ईजीडी’ हे संक्षिप्त रूप घ्या. परीक्षकही पुढे तेच वापरतील. मध्येच अडखळलात तर पहिल्यापासून सुरू करू नका. ‘ड्यू’पासून पुन्हा उचला.

त्यानंतर स्वतःची परीक्षा म्हणून पित्तनलिका लहान आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेचं नाव घ्या: को-ले-ड-को-जि-जू-नॉस्-ट-मी. सिलॅबल नऊ, पहिला ‘को’ स्पेलिंगमध्ये ‘चो’ दिसतो तरी ‘को’च, दुय्यम आघात ‘ले’वर, मुख्य पुन्हा ‘नॉस्’वर. इथला ‘स्’ नीट ऐकू आला पाहिजे. ‘जिजूनॉस्टमी’ म्हणजे आतड्याला नवं तोंड करणं किंवा ते दुसऱ्या पोकळीला जोडणं. ‘स्’ गळून ‘जिजूनॉटमी’ झालं, तर त्याचा अर्थ आतड्याला नुसता छेद देणं असा होतो.